रात्रपाळीतलं ऊन

"पप्पा, रात्रपाळीत ऊन कसं लागतं हो?"

पैज वर्गातल्या नाझियाची आणि पूर्वाची, तोंड मात्र शर्वरीचं. मधल्या सुट्टीत डबा खाताना ती सहज बोलून गेली होती. आमचे पप्पा दिवेलागणीनंतर ड्यूटीला जातात, साडेदहाला जेवायला घरी असतात, आणि त्यांची मान बघाल तर दुपारभर रानात राबल्यासारखी करपलेली! नाझियाने घास हातातच धरून डोळे बारीक केले. "मग विचार की! वादविवादात बारावीच्या पोरांना लोळवलंस, आता घरात तोंड उघडून दाखव. नाही विचारलंस तर आठवडाभर माझं दप्तर तू उचलायचं." पूर्वाने लगेच साक्षीदार म्हणून बोट वर केलं.

तर शर्वरीने विचारलं. रणजित मगदूमांचा हात ताटातच थांबला.

"फ्लडलाइट असतात गोदामात. मोठे मोठे."

"फ्लडलाइटनं कातडी सोलवटत नाही पप्पा. त्याला अतिनील किरण लागतात, म्हणजे सूर्यच. आणि सोलवटलीय ती फक्त हेल्मेट आणि कॉलरच्या मधली..."

ताट भिंतीवर आदळलं. आमटीचा ओघळ कॅलेंडरवरून खाली आला, वाटी गरगरत दारापर्यंत गेली. शर्वरीवर जन्मात कधी हात न उगारलेला तो माणूस स्वतःच्याच हाताकडे बघत उभा राहिला, जणू तो हात दुसऱ्या कुणाचा होता. मग चपला न घालताच बाहेर निघून गेला.

आई फडकं घेऊन भिंत पुसायला लागली. "दमतात गं ते. तू पण ना, खुळी का काय!"

पैज जिंकली होती शर्वरीने. दप्तर वाचलं. पण त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोंघावत राहिली. आपल्याकडे अंधार पडल्यावर ऊन असतं कुठे?

तसं उत्तर घरापासून दोन मैलांवर समुद्रात तरंगत होतं. देवगडच्या पुढे, खोल पाण्यात, लोखंडी बेटासारखा पसरलेला टप्पातळ. त्याचं सरकारी नाव लांबलचक होतं, पण इथून उडणाऱ्या यानाला सगळे 'टप्पा'च म्हणायचे. चपटा दगड तिरका भिरकावला की तो तळ्याच्या पाण्यावर टप्पे घेत पलीकडे जातो ना, अगदी तस्संच हे यान हवेवर जायचं. आधी रॉकेट त्याला वातावरणाच्या वर फेकणार. मग ते खाली यायला लागणार, दाट हवेला पोटाने धडकणार, आणि उसळून पुन्हा वर. विमानाला सगळा वेळ हवा कापत जावं लागतं म्हणून त्याचा दिवस मोडतो. टप्प्याचा बहुतेक रस्ता जवळजवळ हवाच नसलेल्या पोकळीतून, म्हणून पृथ्वीच्या पार दुसऱ्या अंगाला असलेलं शहरसुद्धा तासाभरावर. अंतर तेवढंच राहतं, सोळा हजार किलोमीटर. वेळ मात्र कपड्यासारखा आटतो.

आणि वेळ आटला की कायदाही ढिला पडतो. इतकी माणसं रोज इकडून तिकडे जायला लागली, की कुणाकुणाचे कागद तपासणार? मग देशोदेशींच्या सरकारांनी सोपा नियम केला होता. सहा तासांत परत जाणाऱ्याची नोंदच ठेवायची नाही. तो नुसता पाहुणा. आला काय, गेला काय!

शर्वरीने भूगोलाचा गोल फिरवला. देवगडला दिवेलागण, तेव्हा चिलीच्या किनाऱ्यावर भर सकाळ. तिथे आंतोफागास्ता नावाचं बंदर, मागे जगातलं सगळ्यात कोरडं वाळवंट, ऊन असं की दगड तडकावेत. देवगडहून रोज संध्याकाळी एक टप्पा तिकडेच जायचा. तिने त्या शहराच्या बातम्या शोधल्या. गोदीतल्या कामगारांचा संप. आणि एक व्हिडिओ.

व्हिडिओत वीस-पंचवीस माणसं होती. काळी हेल्मेटं, काचा ओढलेल्या, हातात लाठ्या. बसलेल्या संपकऱ्यांवर ती अशी तुटून पडली, की बघताना शर्वरीने स्वतःचं डोकं हातांनी झाकलं. एका बाईचा जबडा फुटला, एका पोराला चौघांनी फरपटत नेलं. खाली लिहिलं होतं, ही माणसं आकाशातून येतात, मारतात आणि जातात. यांना नाव नाही, देश नाही.

मग एक हेल्मेटवाला पुढे आला. समोरच्याने अडवायला हात वर केला, तशी ह्याने लाठी पाठीमागून उजव्या हातातून डाव्या हातात घेतली आणि भलत्याच बाजूने हाणली. एका क्षणात.

शर्वरीने व्हिडिओ मागे ओढून पुन्हा पाहिला. हा 'चोरहात' होता. मगदूमांच्या घरातला डाव. कोल्हापूरला असताना पप्पांचा मर्दानी खेळाचा वर्ग होता. लाठी, फरीगदगा, सगळं. वर्ग बंद पडला, घर इकडे आलं, तरी रविवारी अंगणात बापलेकीची लाठी चालायचीच. चोरहात पप्पांनी बाहेर कुणालाच शिकवला नव्हता, फक्त तिला. तो आला की शर्वरी हमखास मार खायची आणि मूठ तोंडासमोर धरून ओरडायची, "टॅम्प्लीज!" टाइम प्लीजचं पोरांनी चावून चावून केलेलं रूप ते. आणि पप्पांची लाठी कितीही वेगात असली तरी हवेत जागच्या जागी थांबायची. "टॅम्प्लीज म्हटल्यावर थांबायचंच," ते म्हणायचे, "नाहीतर खेळ कसला?"

"तुझे पप्पाच कशावरून?" शाळेत सगळं ऐकून नाझियाने विचारलं, तेव्हा तिच्या आवाजात पैजेची मस्ती उरली नव्हती.

"बघून येते," शर्वरी म्हणाली.

आईला टप्पातळावर नोकरी होती. प्रवाशांचे पट्टे आवळायची. घरच्या माणसाला वर्षातून एक फेरी फुकट मिळायची, ती शर्वरीने वाढदिवसासाठी राखून ठेवली होती. भूगोलाच्या प्रकल्पाचं नाव सांगितल्यावर आई खूशच झाली. तिच्या खांद्यांवरचे पट्टे आवळताना कोल्हापुरी ठसक्यात म्हणाली, "उतरल्यावर काचेच्या आतनंच बघायचं सगळं. बाहेर पाऊल टाकलंस तर तंगडं मोडून ठेवतो, सांगून ठेवतो."

"आई, मागच्या भागात काय असतं गं?"

"माल. आमाला तिकडं जायला नाही. का?"

"काही नाही."

रॉकेट पेटलं. कुणीतरी छातीवर चक्कीचा दगड ठेवावा आणि वर स्वतः बसावं तसं झालं. गाल कानांकडे ओढले गेले, डोळ्यांपुढे काजवे आले. आणि मग खिडकीत जे दिसलं ते पाहून शर्वरी दुखणं विसरली. आपल्या अंगणातून तासाभरापूर्वी मावळलेला सूर्य पश्चिमेकडून पुन्हा वर येत होता! टप्पा पृथ्वीच्या फिरण्यापेक्षा कितीतरी जास्त वेगाने पश्चिमेला पळत होता, म्हणून संध्याकाळ उलटी चालली होती. खाली आफ्रिका सरकली. अंग पिसासारखं हलकं झालं. मग खालची हवा आली, यान पोटाने तिच्यावर आपटलं, बाहेर लाल ज्वाळा उठल्या आणि एकीच्या तीन शर्वऱ्या होऊन खुर्चीत दाबल्या गेल्या. पुन्हा वर. पुन्हा खाली.

वरच्या एका शांत टप्प्यात तिला मागच्या पडद्याआडून माणसांचे आवाज ऐकू आले. मराठी आवाज!

"पप्पू, उलटी केलीस तर हेल्मेटात कर लेका, माझ्या अंगावर नको." हशा. मग एक जाड, हुकमी आवाज. त्याला बाकीचे 'मुकादम' म्हणत होते. "ऐका रे. आज गेट मोकळं व्हायलाच पाहिजे. ती माणसं रडतील, ओरडतील. काय म्हणत्यात ते आपल्याला कळत नाही. कळत नाही म्हटल्यावर कान कशाला द्यायचा? म्हणून तर आपल्याला आणत्यात इतक्या लांबनं. रणजित, तू पुढं."

"व्हय," पप्पा म्हणाले.

नुसतं 'व्हय.' भाजी आणू का म्हटल्यावर म्हणायचे तसं.

टप्पा बंदराजवळच्या पाण्यात उतरला. प्रवाशांना काचेच्या इमारतीत नेलं आणि दारं लावून घेतली. काचेपलीकडे गोदीचं फाटक आणि त्याच्यासमोर ठाण मांडून बसलेली दोनेकशे माणसं. मधोमध चुलीवर भलंमोठं पातेलं चढलं होतं, एक म्हातारा लांब पळीने रस्सा ढवळत होता. शर्वरीच्याच वयाची, पिवळा स्कार्फ बांधलेली एक पोरगी ताटल्या वाटत होती. म्हाताऱ्याने काहीतरी म्हटलं, ती फिस्सकन हसली.

मग मालाच्या दारातून ते आले. धावत, एका रांगेत, एकही शब्द न बोलता.

पहिल्या तडाख्यात पुढची ओळ झोपली. हाडाचा आवाज काचेतूनही आला. नाहीतर शर्वरीला तसा भास झाला. माणसं उठून पळायला लागली, एकमेकांना तुडवायला लागली. कुणी चुलीतली जळकी लाकडं उचलून भिरकावली, एका हेल्मेटवाल्याची बाही पेटली, त्याने पेटत्या हातानेच समोरच्याचं नाक फोडलं. जमिनीवर पडलेल्यांना उठू द्यायचं नाही, हाच जणू नियम होता. पोटऱ्या, मनगटं, बरगड्या. रस्त्यावरच्या धुळीत रक्ताचे थेंब पडत होते आणि ते कोरडं वाळवंट ते लगेच पिऊन टाकत होतं.

म्हातारा जागचा हलला नाही. पळी आडवी धरून पातेल्यासमोर उभा राहिला. एक हेल्मेटवाला त्याच्यासमोर आला. म्हाताऱ्याने पळी उगारली. लाठी पाठीमागे गेली, डाव्या हातात आली...

चोरहात.

कानशिलावर बसला. म्हातारा पातेल्यासकट आडवा झाला, उकळता रस्सा त्याच्या अंगावरून वाहत गेला. तो ओरडलासुद्धा नाही.

आग लागली तर उघडायचं म्हणून ठेवलेलं दार शर्वरीने लाथ मारून उघडलं. तंगडं मोडणार होती ना आई? मोडू दे! संपकऱ्यांचा एक झेंडा पडला होता, त्याची काठी उचलून ती धावली. पिवळ्या स्कार्फवाली पोरगी म्हाताऱ्यावर पालथी पडून किंचाळत होती, आणि तिच्या पाठीवर तीच लाठी पुन्हा उठली होती. शर्वरी मध्ये घुसली. दोन्ही हातांनी काठी डोक्यावर आडवी धरली, गुडघे वाकवले, अगदी अंगणात शिकवलं तसं. वार बसला. झेंड्याच्या काठीचे दोन तुकडे झाले, तिच्या कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या.

हेल्मेटच्या काळ्या काचेत तिला स्वतःचाच चेहरा दिसला. आतल्या माणसाला तिचा दिसला नसावा. धूळ होती, ऊन होतं, आणि सोळा हजार किलोमीटरवर आपली लेक असेल असं कुठल्या बापाला वाटेल? लाठी पाठीमागे गेली. तिला ठाऊक होतं आता काय येणार, तरी चुकवता आलं नाही. डावा खांदा कडाडला. ती धुळीत पडली, तोंडात रक्ताची चव आली, लाठी तिसऱ्यांदा वर गेली, आणि शर्वरीने मूठ तोंडासमोर धरून जीव खाऊन बोंब मारली,

"टॅम्प्लीजऽऽ!"

लाठी हवेत थांबली.

एकटी तीच नाही. सगळ्याच! ते वीस-पंचवीस धटिंगण, कुणी पाय उगारलेला, कुणी कुणाचे केस धरलेले, जागच्या जागी थिजले. सांगली, सातारा, कोल्हापूर, कुठकुठल्या गल्लीबोळांत लंगडी आणि डबा ऐसपैस खेळून मोठी झालेली पोरं ती. मुकादमाचा हुकूम त्यांच्या कानात होता, पण टॅम्प्लीज त्याच्याही खाली, हाडात होतं. डोक्याला कळायच्या आधी हात थांबले.

एक श्वासभर. तेवढाच.

संपकऱ्यांना टॅम्प्लीज कळत नव्हतं. त्यांना फक्त थांबलेली लाठी दिसली. माल ओढायचा लोखंडी आकडा घेऊन एक गोदी कामगार आला आणि त्याने तो सगळ्या ताकदीने रणजित मगदूमांच्या गुडघ्यात घातला. वाटी फुटली. दुसऱ्याने हेल्मेटवर दगड घातला, काच फुटून कपाळात शिरली. पप्पा खाली आले ते थेट शर्वरीच्या समोर. फुटक्या काचेतून एक डोळा तिच्याकडे बघत होता.

"शरू? तू... तू हितं कशी?"

मग सगळंच उलटलं. थांबलेल्यांना मार बसला, मार बसलेल्यांनी दुप्पट दिला, मुकादम शिव्या घालत सगळ्यांना मागे ओढायला लागला. कुणीतरी शर्वरीलाही बखोटीला धरून मालाच्या दारात फेकलं. मागे वळून पाहिलं तेव्हा पिवळा स्कार्फ लाल झालेला होता. म्हाताऱ्याच्या डोक्याखाली घडी करून ठेवलेला.

परतीचा तास त्या बापलेकीने पडद्याआड काढला. शाळेत टप्प्याचं शास्त्र शिकवताना एक गोष्ट कुणी सांगत नाही. खालच्या उसळीत माणसाचं वजन तिप्पट होतं, म्हणजे फुटलेल्या गुडघ्याचंही होतं. हवा आली की पप्पा गुरासारखे हंबरायचे. वर पोकळीत गेलं की गप्प, आणि त्यांच्या कपाळातून सुटलेले रक्ताचे गोल थेंब हवेत तरंगत राहायचे. वरच्या एका शांत टप्प्यात शर्वरीने धडक्या हाताने त्यांचा हात धरला. तोच हात. सोडावासाही वाटला, सोडवलाही नाही.

"त्यांची भाषा कळत नाही बाळा," ते पुटपुटले. "म्हणून हात चालतो."

"माझी कळली ना?" ती म्हणाली. पुढची उसळी आली आणि ते पुन्हा हंबरले.

त्या आठवड्यात पप्पांच्या पायात सळ्या बसल्या. शर्वरीचा डावा हात झोळीत बांधून गळ्यात अडकवला गेला. आईला सगळं कळलं. कसं कळलं हे सांगायला नको, मालाच्या दारातून स्ट्रेचरवर नवरा आणि मागून लेक उतरताना तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून ती घरात बोलतच नव्हती. भांडी मात्र जोरात आपटत होती.

रविवारी मुकादम सफरचंदं घेऊन आला. "वहिनी, काळजी करू नका. पायाचा सगळा खर्च आमचा. फक्त एक, आपण तिथं गेलोच नव्हतो. सहा तासांचे पाहुणे आपण. तो म्हातारा गेला म्हणे, पण मारला कुणी ते कुणाच्या बापाला ठाऊक नाही." मग शर्वरीकडे बघून हसला. "आणि ही बया! टॅम्प्लीज म्हणे! आमची इतकी सुजलेली थोबाडं बघून अजून हसू येतंय."

हसत हसत तो गेला. घरात कुणी हसलं नाही.

"म्हातारा... गेला?" पप्पांनी विचारलं.

"मंगळवारीच. बातमीत आलंय." शर्वरीने सांगितलं. "तो पिवळ्या स्कार्फवालीचा आजा होता. तिथल्या कोर्टात ती रोज जाऊन बसते. साक्षीदार मागतेय. कुणाचं तरी एक नाव सांगा म्हणतेय."

पप्पांनी सळ्यांवर पांघरूण ओढून घेतलं. "मला वाटलं पातेलं पडलं," ते म्हणाले. "आवाज झाला तो पातेल्याचा. तेच धरून बसलो होतो मी."

"मी बघितलं पप्पा. काचेतून. चोरहात होता."

आईच्या हातातलं ताट खाली पडलं. उचलायला ती वाकली नाही. "शरू," ती म्हणाली, "तोंड सांभाळ. बाप आहे तो तुझा."

"म्हणून तर ओळखला ना, आई! दुसऱ्या कुणाला कुठं ओळखता येणार? त्यांना नाव नाही, देश नाही, तोंड नाही. मलाच फक्त ठाऊक आहे." ती पप्पांच्या शेजारी जाऊन बसली. "पप्पा, तुम्हीच शिकवलंत, टॅम्प्लीज म्हटल्यावर थांबायचंच. तुम्ही थांबलात. त्या थांबण्यापायी तुमचा पाय गेला, तोही माझ्यामुळे, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण ती पोरगी पण ओरडत होती हो. पहिल्यापासून. तिच्या भाषेत तेच म्हणत असणार ना?"

पप्पांनी डोळे मिटले. करपलेल्या मानेवरची कातडी आता सुटून आली होती, तिच्याखालून नवी, गुलाबी दिसत होती.

"ते मला आत टाकतील शरू," ते हळू म्हणाले. "तिथं. त्या उन्हात."

"टाकतील."

"आणि मुकादम? तो सोडंल व्हय आपल्याला?"

"नाही सोडणार. त्याचंही नाव सांगणार आहे मी."

बाहेर समुद्रावर रॉकेट पेटल्याचा गडगडाट झाला. खिडकीच्या काचा थरथरल्या. संध्याकाळचा टप्पा निघाला होता. तिघांनीही तिकडे पाहिलं नाही. आवाज पूर्णपणे विरेपर्यंत शर्वरी थांबली, गळ्यातला हात सावरत उठून उभी राहिली आणि दोघांकडे तोंड करून म्हणाली,

"उद्याच्या टप्प्यानं मी जाणार आहे. फुकटची फेरी संपलीय, भाडं भरून जाईन. कोर्टात जे पाहिलं ते सगळं सांगणार, नावासकट. तासाचं तर अंतर आहे, जेवायच्या आत परत येते. आई, माझा पट्टा तू आवळ, दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस. आणि शेजारची खुर्ची रिकामी ठेव. पप्पांना यायचं असेल तर पाय लांब करून बसता आलं पाहिजे."